सोबतीची चाल

हिवाळ्यात कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्यात दिवसभराची डोंगरचाल करायची, तर सोबत हवीच, असं मी आग्रहाने म्हणेन. गप्पांसाठी नव्हे, वेळेवर मागे वळण्यासाठी. डिसेंबरअखेरीस इथला दिवस जेमतेम 11 तासांचा. सहाच्या सुमारास सूर्य बुडतो आणि दरीत सावली त्याच्या कितीतरी आधी उतरते. गारव्यात तहान फारशी जाणवत नाही, पण चढताना घाम गळतच असतो. अंगातलं पाणी कमी झालं की थकवा येतो, मग चिडचिड. हे ज्याचं त्याला उशिरा कळतं, शेजारच्याला मात्र अडखळणारं पाऊल लगेच दिसतं. 1646 मीटर उंचीच्या कळसूबाईवरून पायथ्याच्या बारी गावाकडे उतरताना तर बघाच: वाळलेलं गवत पायांनी दबून गुळगुळीत झालेलं, त्यावर मुरमाचे बारीक खडे. बुटाखाली कर्र वाजतं आणि टाच निसटते. तेव्हा पुढे आलेला हात वाटेवरच्या लोखंडी शिडीइतकाच मोलाचा.

कोणी म्हणेल, डोंगर एकट्यालाच भेटतो. शांततेची ही ओढ मला मान्य आहे. पण दोघं वीस पावलांच्या अंतराने, न बोलता चालले, तरी बुलबुलाची शीळ दोघांनाही ऐकू येते. दुसरा आक्षेप वजनदार आहे: हळू चालणाऱ्यापायी शिखर हुकतं. हुकू द्यावं. त्यालाच पुढे ठेवावं आणि परतायची वेळ बारीत चहा पितानाच मोठ्याने बोलून ठरवावी. वर शिखर दिसू लागलं, की दोघांपैकी कोणीच तो विषय काढत नाही.