राखणदाराची काठी

बाणावलीच्या ‘गोवा चित्र’ संग्रहालयात उत्तर गोव्यातल्या पेडण्याचा माणूस रेंगाळतो तो साध्या वस्तूंपाशी. नांगर, जू, जातं, धान मापायची पायली, उसाचा लाकडी चरक. व्हिक्टर ह्युगो गोम्स यांनी गावोगाव फिरून, पाडल्या जाणाऱ्या जुन्या घरांतून हे सारं वाचवलं. त्यांचे उपकार मोठे आहेत. पण खळ्यावर पहिलं माप घालताना ‘एक’ न म्हणता ‘लाभ’ म्हणायचं, हे पायली सांगत नाही. ते माणसानंच सांगावं लागतं.

माणसानं सांगितलेलं आधी जपणारं एक गाव जपानमध्ये आहे. तिथं उत्तरेकडे तोनो नावाचं छोटं शहर आहे. तिथल्या सासाकी किझेन यांच्या तोंडून ऐकलेल्या ११९ कथा यानागिता कुनिओ यांनी १९१० साली पुस्तकात छापल्या. प्रती अवघ्या ३५०. नदीत राहणारा कप्पा, घराला बरकत देणारं अदृश्य पोर असं बरंच काही त्यात आहे. लोककथा आणि शेतकऱ्यांचं जगणं मांडणारं तिथलं संग्रहालय उघडलं १९८० मध्ये. आधी कथा, मग दालनं, हा क्रम मला फार मोलाचा वाटतो.

आपल्याकडे तर कथा अजून नांदत्या आहेत. शेताची अदृश्यपणे राखण करणाऱ्या राखणदाराला रोट देतात. गावाच्या राखणदाराला, म्हणजे देवचाराला, काठी, घोंगडी, वहाणा वाहतात आणि रात्रभर शिवेवर फिरून त्या वहाणा झिजतात, असं जुनी माणसं सांगतात. याच वस्तू काचेच्या पेटीत ठेवल्या तर त्या कुणाही धनगराच्या वाटतील. आणि कोजागरीची पेडण्याची पुनव? एका रात्रीत देऊळ हवं म्हणून रुसून रानाकडे धावणारा देव भूतनाथ, त्याची समजूत घालून त्याला परत आणणारा गाव, हे कुठल्या पेटीत मावणार?

पेडण्यातल्याच मोपाच्या सड्यावर जानेवारी २०२३ पासून विमानं उतरू लागली. विमानतळ आला की शेत विकायचा मोहही येतो. शेत विकलं तरी नांगर निदान माळ्यावर राहतो. त्या शेताचा राखणदार कुठल्या झाडाखाली असतो, हे ठाऊक असलेलं माणूस गेलं, की ती जागाही गेली.

पेडण्यात तोनोसारखं लोककथांचं संग्रहालय व्हायलाच हवं. पण इमारतीची वाट पाहू नका. आज घरातल्या आजीपाशी बसा. ती सांगेल ते तिच्याच बोलीत उतरवून घ्या, झाडांची आणि जागांची नावं विचारा, आणि तिचं नाव आधी लिहा. यानागितांनीही या कथा आपल्याला कुणी सांगितल्या, ते प्रस्तावनेच्या सुरुवातीलाच लिहिलं आहे.