नजरेची जबाबदारी

पुणें जिल्ह्यांतील जुन्नर तालुक्यांत कुकडी नदीच्या कांठीं बोरी बुद्रुक हें गांव आहे. तेथील दरडींत ज्वालामुखीच्या राखेचा एक फिकट थर आहे. ही राख दूर सुमात्रांतील तोबा येथून उडून आलेली. तिच्या आसपास आदिमानवाचीं दगडी हत्यारेंही सांपडलीं. गांवकऱ्यांची नजर ह्या दरडीवरून पिढ्यान्‌पिढ्या फिरली असेल. पण ही राख होय, असें विद्वानांनीं ओळखलें तें १९८० नंतर.

एवढ्यावरून शेतकऱ्यास कोणी अडाणी ठरवील, तर तो निकाल घाईचा होईल. उसाचें पान वाऱ्यानें हललें कीं बिबट्यानें, हें त्याला क्षणांत उमगतें. आमच्या पंडितास तेथें नुसती हिरवळ दिसते! डोळ्याची घडणच अशी आहे. अगदीं स्पष्ट दिसतें तें दृष्टीच्या मध्यावरील अंश-दोन अंशांपुरतें; म्हणून डोळा सेकंदास सुमारें तीनदां उडी घेतो. उडी कोठें घ्यावी हें बहुधा सवय ठरविते, आणि सवय परिसर लावितो.

मग नीतीचा प्रश्न उभा राहतो. ‘आम्हांस दिसलेंच नाहीं,’ ही सबब आम्हां सुशिक्षितांच्या घरांत नित्याची आहे. पाहुण्यापुढें ठेवलेल्या कपाचा तडा आम्हांस दुरून दिसतो. तो कप घासणारीच्या बोटांच्या भेगा वर्षभर दिसत नाहींत. डोळा परिसरानें घडविला, तर दोष कोणाचा?

रशियन शास्त्रज्ञ यार्बस ह्यानें रेपिनचें एक चित्र एकाच मनुष्यास निरनिराळे प्रश्न घालून दाखविलें. घरची सांपत्तिक स्थिति विचारतांच नजर कपड्यांकडे व सामानाकडे वळली. वयें विचारतांच चेहऱ्यांवर खिळली. चित्र तेंच, डोळाही तोच. तेव्हां सवय परिसराची असली, तरी प्रश्न आमचा आहे. वरील सबब पहिल्या दिवशीं खरी मानूं. कोणी बोट दाखविल्यानंतर ती खोटी.

अर्थात् दिसलें म्हणजे समजलें असें नव्हे. बोरीच्या त्याच थरास कोणी सुमारें पंचाहत्तर हजार वर्षांचा म्हणतात, कोणी कित्येक लक्ष वर्षांचा. हा वाद नुसत्या नजरेनें मिटणारा नाहीं. भांडीवालीच्या भेगा पाहून कळवळणारासही तिलाच विचारावें लागेल कीं, बाई, ह्या आमच्या घरच्या पावडरीनें पडल्या, कीं एवढ्या पगारांत भागत नाहीं म्हणून धरलेल्या आणखी चार घरांनीं?