सहाध्यायाशी वाद

अर्थबोध ही एकट्या वाचकाच्या अंतःकरणात घडणारी खाजगी घटना आहे, की दोघांतिघांच्या संवादातच तो पुरता सिद्ध होतो, हा प्रश्न आज शिक्षणशास्त्राच्या दप्तरी दाखल झाला असला, तरी मूळचा तो तत्त्वज्ञानाचाच. आणि न्यायसूत्रकार गौतमाने तत्त्वनिर्णयाच्या वादाला गुरुशिष्यांबरोबर सहाध्यायालाही पात्र ठरवताना ही सारी मंडळी असूयारहित असावीत अशी अट घातली, ती मला फार मोलाची वाटते.

माध्यमिक शाळेतली कित्येक मुले उतारा खणखणीत वाचतात आणि आशय विचारताच मुकी होतात. अशाच, अक्षरओळख पक्की पण आकलन कच्चे असलेल्या सातवीच्या विद्यार्थ्यांना अमेरिकेत अ‍ॅनमेरी पालिन्सार आणि अ‍ॅन ब्राउन या विदुषींनी आळीपाळीने गुरुपद दिले: ज्याची पाळी असेल त्याने परिच्छेदावर प्रश्न काढावा, सारांश सांगावा, दुर्बोध स्थळ उलगडावे आणि पुढच्या मजकुराचे भाकीत करावे, शिक्षकाने प्रथम करून दाखवावे आणि हळूहळू मागे सरावे. १९८४ साली प्रसिद्ध झालेल्या या प्रयोगात मुलांचे आकलन स्पष्टपणे सुधारले. सोबत्यांची मदत झाली म्हणून हे घडले, असे म्हणणे वरवरचे होईल. पुढच्याच क्षणी आपल्याला जबाब द्यावयाचा आहे, या जाणिवेने वाचणाऱ्याला मजकुरातली प्रत्येक संदिग्ध जागा सतावू लागते, आणि हुकमाने कधीही न उपजणारी रुची त्या सतावण्यातूनच उपजते.

राहता राहिली असूया. १९७१ साली टेक्सासमधील ऑस्टिन येथे भिन्नवंशीय मुले प्रथमच एका वर्गात बसू लागली आणि वैमनस्य माजले, तेव्हा एलियट अ‍ॅरन्सन यांनी पाठाचे तुकडे करून प्रत्येकाच्या हाती एकेक दिला. ज्याची टवाळी करावयाची त्याचेच लक्षपूर्वक ऐकल्यावाचून पाठ पुरा होईना. आमच्या गुणानुक्रमाच्या यादीने मात्र शेजारच्या बाकावरचा सहाध्यायी कायमचा प्रतिपक्षी करून ठेवला आहे.

गटात काम दिले, की एकच हुशार मुलगा राबतो आणि बाकीचे आयते खातात, ही शिक्षकांची तक्रारही खोटी नव्हे. रॉबर्ट स्लाव्हिन यांनी तिच्यावर काढलेला तोडगा असा, की प्रत्येकाने स्वतःच्याच मागील गुणांहून जी प्रगती केली तिचाच हिशेब गटाच्या खाती मांडावा. यात असूयेला वाव थोडा. परंतु गटागटांत सन्मानाची चढाओढ लागली, की न्यायपरंपरेने विजयेच्छेमुळे वादाहून वेगळा काढलेला जल्प मागल्या दाराने वर्गात येतो, आणि तेवढ्यापुरता मी स्लाव्हिन यांच्या पक्षाचा नाही.