थोरल्याचा वाटा



घरात तान्हे बाळ आले की तीन-चार वर्षांच्या थोरल्याच्या कानी दिवसभर एकच शब्द पडतो : ‘थांब.’ खेळणी त्याला घटकाभर रमवतील. परंतु ‘आता माझी जागा कोठे?’ हा त्याचा खरा प्रश्न आहे.

निर्गमाच्या दुसऱ्या अध्यायात तान्ह्या मोशेच्या पेटाऱ्यावर त्याच्या बहिणीने दुरून नजर ठेवली. फारोच्या कन्येशी ती धीटपणे बोलली, म्हणून बाळ आईच्याच कुशीत परतले.

आपल्या थोरल्यालाही असा वाटा द्या. लंगोटांच्या घड्या त्याने घालाव्यात. बाळाला पाजताना त्याला शेजारी बसवून गोष्ट सांगावी. बाळ निजल्यावरची पहिली दहा मिनिटे त्याचीच असोत.

शिष्यांनी अडवलेल्या बालकांना प्रभूने कवेत घेतले. आपल्या ‘थांब’नंतरही अशीच कूस उघडी असो.