संपण्याआधी बघून घेऊ

आइसलँडच्या दक्षिण किनाऱ्यावर योकुलसारलोन नावाचं एक तळं आहे. ‘दिलवाले’मधलं ‘गेरुआ’ आइसलँडमध्ये चित्रित झालं तेव्हापासून तो देश आपल्याकडे माहितीचा झाला, आणि आता रील्सनी हे तळंही घरोघरी पोचवलंय. पाण्यात हिमनग तरंगत असतात. काही पांढरे, काही निळे, काहींच्या अंगावर ज्वालामुखीच्या राखेचे काळे पट्टे. ते मधूनच कूस बदलतात, हळूहळू एका अरुंद प्रवाहातून समुद्राकडे सरकतात, आणि लाटा त्यांचे तुकडे काळ्या वाळूवर आणून टाकतात. राजधानी रेक्याविकपासून गाडीने पाचेक तास. आम्ही चौघं मित्र पुढच्या उन्हाळ्यात तिथं जायचा बेत करतोय. शेअर्ड शीट तयार आहे: व्हिसा, लेओव्हर, भाड्याची गाडी, घरून न्यायची मेतकूट-भाजणी, सगळं.

बेत करताना वाचत गेलो तसं कळलं, की हे तळं काही पुरातन वगैरे नाही. ते दिसायला लागलं १९३०च्या दशकात. आमच्या पलूसला लागून असलेली किर्लोस्करवाडी १९१०ची. म्हणजे हे तळं तिच्याहून लहान. त्याआधी वात्नायोकुल या अवाढव्य हिमछत्रातून उतरणारी ब्रेइदामेर्कुर ही हिमनदी जवळजवळ समुद्रापर्यंत आलेली होती. ती मागे सरकली, आणि तिनंच खोदून ठेवलेल्या खड्ड्यात पाणी साठलं. आज तिथली खोली सुमारे २५० मीटर आहे. सुरुवातीचं मागे सरकणं काही अंशी नैसर्गिक होतं. अलीकडच्या दशकांतला वेग मात्र आपला, माणसांचा. दरवर्षी तळं वाढतं, म्हणजे दरवर्षी हिमनदी घटते. ज्याला आपण ‘व्ह्यू’ म्हणतो, तो एका गोष्टीच्या नसण्याचा आकार आहे.

मग ते बघायला विमानानं जावं का?

आधी हिशोब करतो, कारण इंजिनिअरला दुसरं सुचत नाही. मुंबईहून मध्ये विमान बदलून जाऊन-येऊन साधारण १८ हजार किलोमीटर. इकॉनॉमीत बसलात तरी माणशी दोन टनांच्या आसपास कार्बन डायऑक्साइड. सरासरी भारतीय माणूस वर्षभरात जवळपास एवढाच सोडतो. २०१६मध्ये डिर्क नॉट्झ आणि ज्युलिएन स्ट्रोव्ह या दोघांनी ‘सायन्स’मध्ये मांडलं होतं, की एक टन कार्बन डायऑक्साइडमागे आर्क्टिक समुद्रावरचा सप्टेंबरमधला सुमारे तीन चौरस मीटर बर्फ जातो. समुद्रावरचा बर्फ वेगळा आणि हिमनदी वेगळी, पण अंदाज यायला हरकत नाही. माझ्या तिकिटाला सहा चौरस मीटर. दोन पलंग टाकले की भरून जाईल एवढी जागा.

ग्रुपवर लगेच उत्तर आलं, “आपण नाही गेलो तरी विमान उडणारच आहे.” हा युक्तिवाद मला पटत नाही. सर्व्हर बसतो तेव्हा कुठल्याच एका रिक्वेस्टनं तो पाडलेला नसतो. पण लॉग उघडलात तर त्यात रिक्वेस्टशिवाय दुसरं काही सापडत नाही.

दुसरा युक्तिवाद जड आहे. “शंभर वर्षं त्यांनी कारखाने चालवले, विमानं उडवली, जग बघितलं. आपल्या घरातला पहिला पासपोर्ट माझा. आणि माझ्या वेळेलाच पर्यावरण आठवलं?” हे म्हणणाऱ्या मित्राचे आजोबा पंढरपूरपलीकडे गेले नव्हते. माझे आजोबाही फार लांब गेले नाहीत. त्या पिढीनं बर्फ पाहिला तो बर्फाच्या कारखान्यातला, लाकडी भुशात गुंडाळलेला. अशा घरातल्या पोराला ‘तू जाऊ नकोस’ म्हणायचा अधिकार युरोपातल्या कुणाला आहे, असं मला वाटत नाही. पण अधिकार आहे म्हणून ते करावंच, असंही नाही. हा युक्तिवाद मला दुसऱ्यांच्या बोलण्यापासून वाचवतो. मी स्वतःला काय विचारायचं, ते तो सांगत नाही.

आणि टनांचा हिशोब मिटला तरी एक गोष्ट मिटत नाही. ती मला आइसलँडनं नाही, कृष्णेनं शिकवली.

ऑगस्ट २०१९. सांगलीत आयर्विन पुलाजवळ धोक्याची पातळी ४५ फूट. त्या वर्षी पाणी ५७ फुटांच्या वर गेलं. आमच्या पलूस तालुक्यातली नदीकाठची गावं पाण्यात होती. ८ ऑगस्टला ब्रह्मनाळला, येरळा जिथं कृष्णेला मिळते तिथं, लोकांना बाहेर काढणारी बोट क्षमतेपेक्षा जास्त माणसं बसल्यानं उलटली. त्यानंतरचे दिवस ज्यांनी त्या भागात काढलेत त्यांना मी काही सांगायला नको.

त्याच दिवसांत पूर बघायलाही लोक येत होते. गाड्या काढून, पोरंबाळं घेऊन. पाण्याच्या कडेला उभं राहून फोटो, व्हिडिओ कॉल, “बघ, बघ केवढं आलंय!” आता प्रश्न असा, की त्यांनी नेमकं काय वाईट केलं? पूर त्यांनी आणला नव्हता. त्यांच्या बघण्यानं पाणी एक इंचही वाढलं नाही. खरं सांगायचं तर पुराचं पाणी लांबून भव्यच दिसतं, आम्हालाही दिसत होतं. तरीही त्यांच्याकडे पाहून आमच्या लोकांच्या पोटात जे ढवळायचं, ते चुकीचं होतं असं मला आजही म्हणवत नाही.

बरं, बघणं वाईट म्हणून मोकळं व्हावं, तर तेही जमत नाही. लोकांनी ते व्हिडिओ बघितले म्हणूनच महाराष्ट्रभरातून भाकरी, चादरी, औषधं, जनावरांचा चारा घेऊन गाड्या आल्या. कडेला फोटो काढणाऱ्यांतलेच काही जण संध्याकाळी पाण्याच्या बाटल्या उतरवत होते. म्हणजे फरक डोळ्यांत नव्हता आणि कॅमेऱ्यातही नव्हता. काही लोक ‘ओसरायच्या आत बघून घेऊ’ म्हणून आले होते. त्यांच्यासाठी ती संधी होती, मुदत असलेली. दुसऱ्याचं जाणं हीच त्यांची ऑफर.

त्याच महिन्यात, १८ ऑगस्टला, आइसलँडमध्ये माणसं एका डोंगरावर चढली. ओक नावाची हिमनदी २०१४मध्येच मृत ठरवली गेली होती, तिच्या नावाची पाटी बसवायला. पाटीवरचा मजकूर लेखक आंद्री स्नायर माग्नासोन यांचा, भविष्यातल्या माणसांना उद्देशून लिहिलेला: काय घडतंय आणि काय करायला हवं हे आम्हाला माहीत होतं, आम्ही ते केलं की नाही, हे तुम्हालाच कळेल, अशा अर्थाचा. देशाच्या पंतप्रधानही तिथं होत्या. ब्रह्मनाळनंतर बरोब्बर दहा दिवस. या दोन घटनांचा एकमेकींशी थेट संबंध नाही. कृष्णा महाबळेश्वरच्या पावसावर चालते, हिमनदीवर नाही. आणि आमच्या पुरात अतिवृष्टीइतकीच नदीच्या पात्रातल्या बांधकामांचीही चर्चा झाली. पण ते फोटो पाहताना मला आमच्याकडची ‘मातीला जाणं’ ही गोष्ट आठवली. मातीला बोलावणं लागत नाही. जाऊन मेलेल्याचं काही भलं होत नाही, हेही सगळ्यांना माहीत असतं. तरी माणूस जातो, आणि तिथं तो प्रेक्षक नसतो.

इथंच थांबलो असतो तर सोय झाली असती: चला, आपण हिमनदीच्या मातीला चाललोय! पण मातीला कुणी ड्रोन घेऊन जात नाही, आणि बोटीच्या तासाभराच्या फेरीचं बुकिंगही करत नाही. चांगला शब्द सापडला म्हणून कृती चांगली होत नाही.

घरी विषय काढला तेव्हा वडील द्राक्षबागेतून नुकतेच आले होते. फोनवर हिमनगांचा व्हिडिओ दाखवला. त्यांनी दोनदा बघितला आणि विचारलं, “त्या तळ्याखाली गाव हाय का?” मी म्हटलं, नाही, खाली रस्ता आणि लगेच समुद्र. “मग बरं हाय,” म्हणाले, आणि चहा मागितला.

सुंदर आहे का, महाग आहे का, हे त्यांनी नंतर विचारलं. आधी खाली कोण राहतं ते. त्या रात्री मी खाली गाव असलेली तळी शोधली. सिक्कीममधलं दक्षिण ल्होनक, तसंच हिमनदी वितळून वाढलेलं. ४ ऑक्टोबर २०२३च्या पहाटेपर्यंत ते फुटून तीस्तेत उतरलं होतं आणि चुंगथांगचं धरण वाहून गेलं होतं. लाहौलमध्ये सिस्सूच्या वर गेपांग घाट तळं आहे. त्यातही हिमनग तरंगतात, तेही वाढतंय, आणि त्याच्याखाली सिस्सू आहे. अटल बोगद्यातून मनालीहून निघालेले आपले लोक तिथं चहा-मॅगीला थांबतात.

माझं मत ग्रुपवर टाकलंय. आइसलँडला जाऊ नये असं मी म्हणत नाही. ‘संपण्याआधी बघून घेऊ’ एवढंच कारण असेल तर जाऊ नये, असं म्हणतोय. संपत चाललेल्या गोष्टीवर, ती संपतेय म्हणून, आपला जास्तीचा हक्क तयार होत नाही. दुसरं कारण सापडेपर्यंत मी सिस्सूचं सुचवलंय: रेल्वेनं चंदीगड, पुढं बस, आणि गावात चार दिवस राहायचं, वरच्या तळ्याबद्दल त्यांना काय वाटतं ते ऐकायचं. हेही पर्यटनच आहे, आणि मित्रांनी ते लगेच ऐकवलं. एक जण तयार आहे. एकाला आइसलँडच हवंय, आणि त्याच्याशी माझं भांडण नाही. चौथ्यानं अजून मेसेज वाचलेला नाही.