एका भरतीचा दिवस

आक्षीला वार पाहून जाऊ नये, तिथी पाहून जावं. रविवार गाठून आलेली माणसं बहुतेकदा भर दुपारी पोचतात, समुद्र असेल तसा पाहतात, चहा-भजी घेतात आणि उजेड आहे तोवर परत निघतात. गाव निवांत आहे, असं ते घरी जाऊन सांगतात. ते खरंच आहे. पण हा निवांतपणा येतो कुठून, हे कळायला एकाच किनाऱ्यावर सलग सहा तास काढावे लागतात, आणि ते सहा तास कोणते, ते चंद्रावर ठरतं.

कोकणात त्याचा हिशोब तोंडी होतो. तिथीची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची वेळ निघते. चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा. पहाटे एकदा, दुपारी-संध्याकाळी एकदा. मिनिटाला मिनिट जुळत नाही, पण जाळं टाकणाऱ्याला एवढं पुरतं. अमावास्या-पौर्णिमेच्या सुमाराला उधाण, अष्टमीच्या आगेमागे भांग, म्हणजे पाणी फार चढतही नाही आणि फार उतरतही नाही. मी पौष वद्य पंचमी धरली. पाचाची पाऊणपट पावणेचार. म्हणजे सकाळी साडेनऊच्या सुमाराला पाणी सगळ्यात मागे. गेटवेहून पहिल्या लाँचने मांडवा, बसने अलिबाग, तिथून रेवदंड्याच्या रस्त्याने चार-पाच किलोमीटरवर आक्षी.

सुरूच्या बनातून बाहेर आलो तेव्हा समुद्र दूरवर एक पांढरी रेघ होऊन गेला होता. मधली सगळी वाळू ओली, घट्ट, आणि तिच्यावर बारीक गोळ्यांच्या रांगोळ्या. उकिडवं बसून, न हलता पाहत राहिलं की बिळातून नखाएवढा खेकडा बाहेर येतो. वाळू तोंडाशी नेतो, तिच्यातलं खाण्याजोगं तेवढं घेतो, उरलेल्या वाळूची गोळी करून बाजूला टाकतो आणि पाऊलभर पुढे सरकतो. बिळापासून सरळ रेघ, मग परत बिळाशी, मग दुसऱ्या दिशेला रेघ. भरती आली की हे सगळं पुसलं जाणार आणि पुढच्या ओहोटीला त्याला पुन्हा पहिल्यापासून सुरू करावं लागणार. मी हललो की तो नाहीसा व्हायचा, आणि परत यायला बराच वेळ घ्यायचा. त्याच वाळूवरून गाड्या पळवणारी माणसं हल्ली या सगळ्याच किनाऱ्यावर दिसतात. त्यांनी एकदा दहा मिनिटं खाली बसून पाहावं, असं मला मनापासून वाटतं.

पाण्याच्या कडेला कुरवांचा थवा होता. वाऱ्याकडे तोंड करून सगळे एकाच दिशेला उभे. लडाखसारख्या उंच पठारांवरच्या सरोवरांकाठी वीण करणारा तपकिरी डोक्याचा कुरव हिवाळ्यात इथे येतो, तेव्हा त्याचं डोकं तपकिरी नसतंच; पांढरं असतं आणि डोळ्यामागे एक काळपट ठिपका.

दहा वाजेपर्यंत कोळीवाड्याकडे वळलो. बांबूंना बांधलेल्या दोऱ्यांवर बोंबील वाळत होते. दोन बोंबलांचे जबडे एकमेकांत अडकवायचे आणि ती जोडी दोरीवर टाकायची. गाठ नाही, खिळा नाही. एक ताई हे करत होत्या. बोटं न बघता चालत होती, आणि बोलायला त्यांच्याकडे भरपूर वेळ होता. कुठून आलात, जेवणाचं काय, खाडीच्या तोंडाशी गाळ कसा साचलाय, सगळं निघालं. घरची होडी कुठे आहे विचारलं तर त्यांनी मान वर न करता समुद्राकडे हात केला. ‘‘भाईर उभी हाय. पानी आला का येल.’’

दूरवर खरोखरच होड्या उभ्या होत्या. ओहोटीला खाडीत पाणी पुरत नाही. गाळात रुतायचं नसेल तर बाहेर थांबायचं. म्हणून किनाऱ्यावरच्यांनीही थांबायचं. गावात आल्याबरोबर जे शांत वाटतं ते हे थांबणं आहे. त्याच्यात आळस नाही आणि आपल्याला वाटतो तो विसावाही नाही. पाण्याची वेळ झाली की कामाला लागायचं, हे इतकं पक्कं ठरलेलं असतं की त्याआधी घाई करण्यात अर्थ उरत नाही. शहरात आपण सतत घाईत असतो, कारण तिथे कुठल्याच कामाची वेळ आपल्या हाताबाहेरची आहे असं आपण मानत नाही.

आक्षीचा शिलालेख पाहिल्याशिवाय मी परतणार नव्हतो. कितीतरी वर्षं तो रस्त्याकडेला ऊनपावसात उभा होता, आता त्याची नीट व्यवस्था झाली आहे. अभ्यासक शं. गो. तुळपुळ्यांनी त्यावरचा शक ९३४ असा वाचला, म्हणजे इसवी सन १०१२. त्या वाचनाला धरून तो मराठीतल्या सर्वांत जुन्या ज्ञात लेखांपैकी एक ठरतो. अभ्यासकांत त्या सालाबद्दल वाद आहे. मजकूर शिलाहार राजा केशीदेवाच्या काळचा, महालक्ष्मीच्या बोडणासाठी दिलेल्या दानाचा. राजाला त्यात पश्चिम समुद्राचा अधिपती म्हटलं आहे. आणि दगडाच्या माथ्यावर चंद्र-सूर्य कोरलेले आहेत: ते आहेत तोवर हे दान चालावं, म्हणून. दानपत्रांवर हे चिन्ह सगळीकडे असतं. पण इथे, दर दिवशी चंद्राकडून वेळ मागून घेणाऱ्या गावात ते पाहताना मला ती शपथ फार खरी वाटली.

जेवण एका वाडीतल्या घरगुती खानावळीत झालं. तांदळाची भाकरी, मांदेलीचं कालवण, शेवटी सोलकढी. जेवून वाडीत फिरलो. ३ जून २०२० च्या निसर्ग चक्रीवादळाने या पट्ट्यातल्या नारळी-पोफळी मोडून टाकल्या. पोफळ लावल्यापासून सुपारी धरायला सहा-सात वर्षं जातात. घरच्या काकांनी मोडलेल्या ओळींत पुन्हा रोपं लावली होती. ती आता माझ्या डोक्यावर गेली आहेत. मधल्या वर्षांत घर कसं चाललं, हे मी विचारलं नाही. खानावळ तेव्हापासूनच सुरू केली, असं त्यांनीच सांगितलं.

तीनच्या सुमाराला किनाऱ्यावरची पाहुणेमंडळी आवराआवर करू लागली. मी खाडीकडे गेलो. पाणी गाळावर चढलं होतं आणि पहिली होडी आत येत होती, तिच्यामागे दुसरी, तिसरी. धक्क्यावर बर्फाच्या लाद्या फुटत होत्या, टोपल्या हातोहात खाली येत होत्या, भाव ओरडून सांगितले जात होते, कुत्री आणि घारी आपापला वाटा शोधत होत्या. सकाळच्या त्या ताई कमरेला पदर खोचून कोळंबी निवडून वेगळी करत होत्या. मी ओळखीचं हसलो. त्यांनी एकदा वर पाहिलं, हातानेच मला टोपल्यांच्या वाटेतून बाजूला व्हायला सांगितलं आणि शेजारच्या टेम्पोवाल्याशी भावावरून भांडायला लागल्या.