शिळाछाप रस्ता

चर्चगेटला गेट नाही, हा शोध मला एकतीस वर्षं वसई-चर्चगेट पास काढून, निवृत्त होऊन घरी बसल्यावर लागला. नोकरीत असताना मान वळवायची सोय नव्हती. विरार लोकलमध्ये मान ज्या दिशेला अडकते, त्याच दिशेला ती उतरेपर्यंत राहते.

भाच्यानं जुन्या मुंबईच्या चित्रांचं पुस्तक दिलं. त्यात जोझे गोन्साल्विस यांनी १८२६ साली काढलेला चर्चगेट स्ट्रीट निघाला. सेंट थॉमस चर्चकडे जाणारा किल्ल्याचा दरवाजा म्हणून ते चर्चगेट. १८६०च्या दशकात तट पाडला, दरवाजा गेला, नाव तेवढं उरलं.

“चित्रं शिळाछाप आहेत,” मी कौतुकानं म्हणालो.

“मग ताजी नाही का मिळाली?” आमची ही म्हणाली.

तिला समजावलं. शिळा म्हणजे दगड. त्यावर तेलकट खडूनं चित्र काढायचं, दगड ओला करायचा, मग शाई फिरवायची. चित्राला शाई चिकटते, ओल्या दगडाला नाही. वर कागद दाबला की झालं. फक्त कागदावर सुलट यायला दगडावर उलटं काढावं लागतं.

त्या काळच्या रस्त्यांच्या अशा चित्रांत मला खटकतो तो मोकळेपणा. धक्का नाही, चिखल नाही, वास तर नाहीच. चित्रकार खोटं बोलला म्हणावं, तर काढलेलं सगळं तिथं होतंच. मग जे काढलं नाही, त्याला खोटं म्हणायचं का?

हा प्रश्न मी एरवी चहाबरोबर संपवला असता. पण गेल्या वर्षी आमच्या सोसायटीला पंचवीस वर्षं झाली आणि स्मरणिकेचं संपादन माझ्या गळ्यात पडलं. मुखपृष्ठावर इमारतीचा फोटो हवा होता. फाटकाशी राजेळी केळी घेऊन बसणाऱ्या मावशींना मी अगदी नम्रपणे म्हटलं, “मावशी, पाच मिनिटं जरा बाजूला होता का?”

“होते की,” त्या टोपली उचलत म्हणाल्या. “पण भाऊ, सोसायटी झाली त्याच्या आधीपासून मी इथं बसते. मी असले तर फोटो बिघडतो का?”

मी हसलो. उत्तर नसलं की मी हसतो. कचेरीतली सवय.

फोटो झकास आला. सेक्रेटरी खूश, सभासद खूश. मीच काय तो पुस्तक उघडून बसलो. गोन्साल्विसांच्या काळचे चित्रकारसुद्धा इमारतीची उंची कळावी म्हणून पायथ्याशी दोन-चार माणसं उभी करत. नाव-गाव नसेल, पण माणसं असत. आमच्या फोटोत तेवढंही कोणी नाही. त्यामुळे आमची सोसायटी नेमकी किती उंच आहे, ते काही केल्या कळत नाही.

दुसऱ्या दिवशी गरज नसताना डझनभर केळी घेतली. मावशींनी विचारलं, “फोटो चांगला आला?”

“चांगला आला,” मी म्हणालो.

यातही खोटं काहीच नव्हतं. मावशींनी एक केळं वर घातलं. ते मात्र घरी येईपर्यंत पिशवीत फार जड लागलं.